माळव्यातील जुने घर हिवाळ्यात दुरुस्त करताना

इंदूरच्या अनेक मराठी कुटुंबांची सांवेर, देपालपूर, हातोद किंवा कंपेलच्या बाजूला थोडीफार जुनी शेती असते, ती वाट्याने कोणाला तरी कसायला दिलेली असते आणि शेतीबरोबरचे घर मात्र वर्षानुवर्षे कुलूपबंद असते. निवृत्तीच्या आसपास कोणाला तरी ते घर पुन्हा राहते करावे असे वाटू लागते, तसे ते आम्हालाही वाटले. आमचे घर कंपेलच्या बाजूला आहे. कंपेल म्हणजे १७२० पर्यंत परगण्याचे मुख्य ठाणे होते ते गाव. पुढे ठाणे इंदूरला हलले आणि कंपेल मागे पडले. घर चार खणांचे, काळ्या दगडाच्या जोत्यावर माती-विटांच्या भिंती, सागवानी खांब, पुढे ओसरी, मागे पडवी आणि वर कौले. ते दुरुस्त करायला आम्हाला दोन हिवाळे लागले. एकात भागले असते, पण पहिल्या हिवाळ्यात आम्ही कामे उलट्या क्रमाने केली आणि त्यातली निम्मी दुसऱ्या वर्षी उकरून काढली. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

जुन्या घराचे जवळजवळ प्रत्येक दुखणे पाण्यापासून सुरू होते. पाणी कोठून येते ते शोधणे, ती वाट बंद करणे आणि भिंतीत आधीच मुरलेल्या ओलीला बाहेर पडण्यासाठी वाट मोकळी ठेवणे, एवढे साधले तर उरलेले काम सोपे असते. माळव्यात पाऊस साधारणपणे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरतो आणि तेथून होळीपर्यंत जे पाच महिने मिळतात, त्यांत हवा कोरडी असते, दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास ऊन असते आणि रात्री पारा दहाच्या, क्वचित पाचच्याही आसपास उतरतो. उन्हाळ्यात गिलावा हाताखालीच सुकून तडकतो आणि पावसाळ्यात तो सुकतच नाही, म्हणून काम हिवाळ्यातच करायचे.

कामाआधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु तो टाळून चालत नाही. घर गावठाणात, म्हणजे इकडच्या भाषेत आबादीत आहे की शेतजमिनीच्या खसऱ्यात, म्हणजे गट क्रमांकात आहे, हे पटवाऱ्याकडून निश्चित करून घ्यावे, कारण दोन्हींचे कागद वेगळे असतात. आबादीतील घरांचे ड्रोनने मोजमाप करून मालकी हक्काचा दाखला देणारी स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली; तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर दाखल्यावर कोणाचे नाव लागले आहे ते पाहावे. बहुतेक घरांत ते एखाद्या दिवंगत काकांचे निघते. अशा वेळी आधी नामांतरण आणि सर्व वारसांची लेखी संमती, आणि मगच पहिले कौल काढायचे. दुरुस्तीत भिंतींची जागा किंवा घराची उंची बदलणार असेल तर ग्रामपंचायतीची परवानगीही आधीच घ्यावी. चुलतभावंडांची संमती तोंडी पुरेल असे वाटते, पण घर नीटनेटके दिसू लागले की आठवणी ताज्या होतात, एवढेच येथे सांगतो.

ऑक्टोबरमधील पाहणी

पाऊस थांबल्यावर पहिल्या आठवड्यातच घरी जावे आणि कोणतेही काम न करता दोन दिवस केवळ पाहावे. हीच ती वेळ असते जेव्हा चार महिन्यांच्या पावसाच्या खुणा भिंतींवर ताज्या असतात. जवळ खडू, टॉर्च, मोजपट्टी आणि एक जाड दाभण असावे. प्रत्येक ओल्या डागाच्या कडेने खडूने रेघ ओढून त्यावर तारीख लिहावी. पुढच्या भेटीत डाग रेघेच्या आत आला असेल तर तो पावसाचा होता आणि सुकत आहे. तो तेथेच असेल किंवा रेघेबाहेर गेला असेल, तर पाणी अजून कोठून तरी येत आहे.

डागाची जागाही बरेच काही सांगते. भिंतीच्या माथ्यापासून खाली उतरणारा ओघळ कौलांचा किंवा पन्हळीचा असतो. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली आणि वर पांढऱ्या क्षाराची किनार असलेली ओल जमिनीतून येते. भिंतीच्या मधोमध एकाच ठिकाणी दिसणारा गोल डाग बहुधा पलीकडच्या एखाद्या कोनाड्यातून, मुरलेल्या खुंटीच्या भोकातून किंवा पिंपळाच्या रोपट्याच्या मुळाशी सापडतो. ते रोपटे उपटू नये, कारण मुळांबरोबर विटाही येतात. ते कापावे, नवा कोंब फुटला की पुन्हा कापावा आणि भिंत उघडण्याची वेळ येईल तेव्हा मूळ काढावे.

आता आमच्या फजितीविषयी. नोव्हेंबरमध्ये आमची मागची भिंत सुकत आली होती आणि रेघ आणि डाग यांत हातभर अंतर पडले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर जोत्यावर नवीनच ओल, तीही ताजी, बोट लावले तर गार लागणारी. आकाशात ढग नव्हता. आम्ही दोन दिवस कौले तपासली, टाकीचा नळ बंद करून पाहिला, शेजाऱ्याच्या न्हाणीवर संशय घेतला. मिस्त्री आला, त्याने भिंतीकडे फारसे पाहिलेही नाही, मागच्या शेतात जाऊन चिखलात पाय घातला आणि परत येऊन गव्हाला पाणी कधी दिले एवढेच विचारले. पेरणीनंतर साधारण एकवीस दिवसांनी गव्हाला पहिले पाणी देतात, ते नुकतेच दिले होते आणि वाटेकऱ्याने पाण्याची सरी आमच्या जोत्याला खेटून काढली होती. गव्हाला चार-पाच पाणी लागतात, म्हणजे भर हिवाळ्यात चार-पाच वेळा ही भिंत भिजणार होती. वाटेकरी दादांशी बोलून आम्ही सरी दूर नेली, घरालगतची सात-आठ फुटांची पट्टी पडीक ठेवली आणि तिच्यात पाणी घरापासून बाहेरच्या दिशेने वाहील असा मुरमाचा उतार दिला. त्याबदल्यात त्यांना वाट्यात थोडी सूट दिली. या एका कामाने जेवढी ओल गेली तेवढी नंतरच्या कोणत्याही महागड्या रसायनाने गेली नाही.

त्याच पाहणीत घराभोवतीच्या जमिनीची पातळीही मोजावी. गावातला रस्ता दर काही वर्षांनी वर चढतो, अंगणात माती टाकली जाते आणि एके काळी तीन पायऱ्यांचे असलेले जोते एका पायरीवर येते. अशा ठिकाणी भिंत नव्हे, अंगण दुरुस्त करायचे असते. जोत्याचा दगड पुन्हा दिसेपर्यंत माती काढायची आणि दर मीटरला किमान पाच सेंटिमीटर असा बाहेरचा उतार द्यायचा.

तडे आणि काळी माती

माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगांत हात जातो हे आपण पाहतोच. त्या मातीवर उभे असलेले घरही वर्षभर थोडेथोडे हलत असते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये केसाएवढा दिसणारा तडा एप्रिलमध्ये बोटभर होऊ शकतो. म्हणून तडा दिसला की तो लगेच भरण्याची घाई करू नये. तड्यावर आडवी, चार इंच लांबीची काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. भिंत हलत असेल तर काच तडकते, हलत नसेल तर तशीच राहते. आमच्या सात पट्ट्यांपैकी फेब्रुवारीअखेर दोनच तुटल्या आणि त्या दोन्ही आग्नेय कोपऱ्यातल्या होत्या. कोणीतरी त्याच कोपऱ्याला लागून पुढे न्हाणीघर बांधले होते आणि त्याचे पाणी थेट जमिनीत मुरत होते. एका कोपऱ्याखालची माती कायम फुगलेली आणि उरलेल्या घराखालची सुकलेली, मग भिंत फाटणारच. न्हाणीचे पाणी पाइपाने पंधरा फूट दूर नेल्यानंतर त्या तड्याचे हलणे थांबले.

काच न तुटलेले तडे निर्धास्तपणे भरावेत. काच तुटलेले तडे भरण्याआधी कारण शोधावे, आणि भिंत ओळंब्यातून बाहेर झुकलेली असेल किंवा तडा पायापासून माथ्यापर्यंत सलग असेल तर मिस्त्रीच्या भरवशावर न राहता संरचना अभियंत्याला दाखवावे. एका भेटीची फी ही या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त रक्कम ठरते.

छप्पर आधी

पहिल्या हिवाळ्यातील आमची मोठी चूक ही की दिवाळीनंतर आम्ही आतून सुरुवात केली, कारण घरच्यांना काहीतरी झालेले दिसायला हवे होते. क्रम वरून खाली असाच हवा: आधी छप्पर, मग भिंती, मग जमीन, आणि रंग सर्वांत शेवटी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात मावठाचा, म्हणजे हिवाळ्यातला अवेळी पाऊस बहुधा येतोच. तो गव्हाला चांगला असला तरी उघड्या मातीच्या भिंतीच्या माथ्यावर एक रात्र पडला तरी पुरे होतो. म्हणून एका वेळी एकच खण उघडावा, तो झाकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये आणि भिंतींचे माथे पुरून उरतील एवढ्या ताडपत्र्या पहिल्याच दिवशी आणून ठेवाव्यात.

कौले उतरवण्यापूर्वी तुळयांखाली टेकू द्यावेत. उतरवलेले प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ते ठीक आहे, बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे. इकडे जुन्या घरांवर दोन प्रकार दिसतात: कुंभाराने चाकावर काढलेली अर्धगोल देशी कौले, ज्यांना इंदुरात सगळेच कवेलू म्हणतात, आणि चपटी खाचेची मंगलोरी कौले, जी १८६० च्या दशकात मंगळूरला बनू लागली आणि पुढे देशभर पसरली. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. नवी कौले घेताना जुने एक कौल बरोबर न्यावे, कारण खाच जुळली नाही तर नवे-जुने एकमेकांत बसत नाहीत आणि रिपांचे अंतरही बदलावे लागते. सगळी जुनी कौले एका उतारावर आणि सगळी नवी दुसऱ्या उतारावर लावणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

लाकडाची परीक्षा दाभणाने करावी. सागाचे आतले पक्के लाकूड शंभर वर्षांनंतरही दाभण आत घेत नाही. पांढरट कड मात्र पोकळ झालेली असू शकते. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे आणि खांब जेथे तळखड्यावर टेकतो तेथे हमखास टोचून पाहावे, कारण ओल तेथे अडते. नुसते टोक कुजले असेल तर अख्खी तुळई बदलण्याची गरज नसते. चांगला सुतार कुजलेला भाग कापून तेवढाच नवा सागवानी तुकडा खाचेने आणि बोल्टने जोडतो. असा सुतार शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि ते वाया गेले नाहीत. भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि तुळईखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा किडा आहे. दोन्हींवरचे औषध वेगळे असते. औषध परवानाधारक माणसाकडूनच मारून घ्यावे, आणि अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर ते आधी सांगावे.

पडवीवर नंतर कोणी सिमेंटचे पत्रे घातलेले असतील तर ते फोडू किंवा कोरडे कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पाणी मारून, बोल्ट सोडवून ते अख्खे उतरवावेत आणि तोंडावर साध्या रुमालाऐवजी योग्य मुखपट्टी असावी. आणखी एक सूचना: थंडीत साप लाकडांच्या ढिगात आणि भिंतींच्या पोकळीत निपचित पडून असतात. ढीग हाताने उपसू नये, काठीने हलवावा, आणि साप निघालाच तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवावे.

भिंती: चुना, माती आणि सिमेंटचा मोह

जुनी भिंत ओल शोषते आणि सोडते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटच्या गिलाव्यातून ती जात नाही, मागेच अडते आणि भिंतीची माती आतल्या आत मऊ होत जाते. पहिल्या हिवाळ्यात एका ठेकेदाराच्या आग्रहावरून आम्ही ओसरीच्या उत्तरेकडील भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दिवाळी ते संक्रांत तो अप्रतिम दिसत होता. पुढच्या ऑगस्टमध्ये सहज टकटक केली तर आवाज पोकळ आला, आणि बोटाने कड उचलली तर पाटाएवढा पापुद्रा सुटून हातात आला. मागची माती ओल्या पेढ्यासारखी झाली होती आणि तिला कुबट वास येत होता. ती भिंत दीड फूट खोल उकरून पुन्हा रचावी लागली.

इंदूरच्या राजवाड्याकडे पाहिले की जुन्या बांधकामाचा हिशोब कळतो: खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत लाकडाचा मोठा भाग गेला आणि पुढे मागची बाजू पुन्हा उभारताना जुन्याच प्रकारचे साहित्य वापरण्यात आले. आपल्या चार खणांच्या घराला त्याहून वेगळा नियम लावण्याचे कारण नाही. जी भिंत मातीची आहे ती मातीनेच आणि जी चुन्यात आहे ती चुन्यानेच दुरुस्त करावी.

मातीच्या गिलाव्यासाठी शेतातली काळी माती वापरू नये. ती सुकताना जाळीसारखी तडकते. पिवळसर किंवा पांढरी माती शोधावी आणि तिची परीक्षा घरीच करावी. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती आणि उरलेले पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून, जोरात हलवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. तळाशी रेती बसते, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकण माती. चिकण मातीचा थर एक चतुर्थांशाहून फार जाड असेल तर आणखी रेती मिसळावी. मग मातीत गव्हाचा भुसा घालून ती किमान आठवडाभर पाण्यात मुरू द्यावी. रोज पायाने तुडवावी, आणि आंबूस वास येऊ लागला की ती तयार झाली असे समजावे. शेवटच्या हातात शेण मिसळले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

चुना बाजारात दोन रूपांत मिळतो: पोत्यातली भुकटी आणि कळीचा चुना. कळीचा चुना भिजवताना नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो जोरात उकळतो आणि उडालेला शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली आणि मुले दूर, हे चारही हवेतच. भिजवलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवावा. तो जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो, म्हणून ऑक्टोबरमध्येच तो भिजत घालावा म्हणजे नोव्हेंबरमध्ये हाताशी असतो. गिलाव्यासाठी एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली रेती हे प्रमाण सामान्यतः चालते. न्हाणीच्या किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला रेतीचा काही भाग कमी करून भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरकी घालावी, तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. जुने गवंडी यात गूळ, बेलफळ, उडीद असे बरेच काही घालत आणि प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असे. आम्ही फक्त गुळाचे पाणी घातले.

लावण्याची रीत महत्त्वाची आहे. जुना सैल गिलावा काढून सांधे अर्धा इंच उकरावेत, भिंत झाडावी, आदल्या संध्याकाळी आणि लावण्यापूर्वी पाणी शिंपडावे. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा, आणि दुसरा थर पहिला अंगठ्याने दाबला तरी खूण उमटणार नाही इतका कडक झाल्यावरच द्यावा. थंडीत याला आठवडा-दहा दिवस लागतात. चुना सिमेंटसारखा पाण्याशी घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून दगडासारखा होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस त्यावर ओले गोणपाट लटकवावे आणि दुपारी पाणी शिंपडावे. संध्याकाळी मुळीच शिंपडू नये, कारण पारा पाचच्या खाली गेलेल्या रात्री ओला चुना भुसभुशीत होतो.

कोणती भिंत आधी घ्यावी याचे उत्तर उन्हात आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते, म्हणजे इंदूरच्या आसपास संपूर्ण हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो आणि उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. तिला सुकायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून छप्पर झाकल्यावर भिंतींत तीच पहिल्यांदा उघडावी. दक्षिणेची भिंत जानेवारीत घेतली तरी चालते.

सिमेंट पूर्णपणे वर्ज्य आहे असे मात्र नाही. नवे न्हाणीघर, टाकीचा कट्टा, दरवाज्यावरचा लिंटेल यांना ते हवेच. थंडीत काँक्रीट सकाळी दहाच्या सुमारास सुरू करून दुपारपर्यंत संपवावे, म्हणजे पहिले काही तास त्याला ऊब मिळते. रात्री प्लॅस्टिक आणि गोणपाटाने झाकावे. हल्ली बहुतेक पोत्यांतून राख मिसळलेले पीपीसी सिमेंट येते आणि त्याला किमान दहा दिवस पाणी द्यावे लागते. काँक्रीटखालच्या आधाराच्या फळ्या उन्हाळ्यात जितक्या दिवसांनी काढतात त्याहून काही दिवस उशिराच काढाव्यात.

माणसे आणि दिवस

घरमालकाला कॅलेंडर दिसते, पण मिस्त्रीला पीक दिसते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सोयाबीनच्या काढणीमुळे गावात मजूर मिळत नाहीत, मग दिवाळी येते, मग गहू-हरभऱ्याची पेरणी. खरे काम नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास असल्याने पुष्कळ कुटुंबे या काळात नवे काम आरंभत नाहीत. तुमच्या घरी तसे मानत असतील तर आरंभाचा नारळ त्याआधीच फोडून ठेवावा. शेवटची मर्यादा भगोरियाची आहे. बांधकामावरचे बरेच मजूर झाबुआ, अलीराजपूर आणि धारच्या आदिवासी भागांतून येतात आणि होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाच्या हाटांसाठी गावी जातात. त्यांना अडवू नये आणि अडवून ते थांबतही नाहीत. त्यापूर्वी छप्पर बंद आणि भिंती उभ्या असतील असे नियोजन करावे.

जुन्या घराचे काम ठोक ठेक्याने देऊ नये, कारण भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. ठेकेदार मग उघडतच नाही. छप्पर आणि भिंती रोजंदारीवर, फरशी व वायरिंग ठेक्यावर, अशी विभागणी आम्हाला सोयीची पडली. अंदाजपत्रकाच्या वर एक पंचमांश रक्कम बाजूला ठेवावी. साहित्याचे हिशेब लिहिताना शब्द सांभाळावेत: आपले घमेले ते येथे तगारी, खडी ती गिट्टी, आणि मिस्त्रीचा हातगडी म्हणजे बेलदार. 'चार तगारी' हे माप कोणत्या आकाराच्या तगारीचे, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

काम चालू असताना तेथेच राहणार असाल

वायरिंग नवीनच करावे. जुन्या कापडी वेष्टनाच्या तारा तपासण्यात वेळ घालवू नये. एमसीबीबरोबर (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग घ्यावे, विशेषतः भिंती ओल्या असताना.

रात्री थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि नव्याने गिलावा केलेल्या, फटी बुजवलेल्या खोलीत तो साठतो. गिलावा लवकर सुकावा म्हणूनही शेगडी पेटवू नये. खिडक्या दिवसा उघड्या आणि सूर्यास्तानंतर बंद ठेवल्या की तेवढे पुरते.

जमीन आणि रंग

भिंती झाल्यावर जमीन. जुनी मातीची जमीन हातभर खोदून मुरूम भरावा, त्यावर गिट्टीचा थर आणि त्यावर चुन्यात बसवलेली फरशी. कोटा फरशी येथे सहज मिळते आणि पायाला थंडीत बोचली तरी मेमध्ये तिची किंमत कळते.

रंगाची घाई सर्वांना असते, आणि ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावला की सिमेंटच्या गिलाव्याचाच दोष रंगातून परत येतो. बारीक कापडातून गाळलेल्या चुन्याची सफेदी, दुधासारखी पातळ, तीन-चार हातांत लावावी. पहिला हात लावल्यावर भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि रंगारी आणखी चुना घट्ट करू पाहतो. त्याला थांबवावे, कारण चुना सुकेल तशी सफेदी उजळते आणि घट्ट लावलेली सफेदी पुढे पोपडे धरते.

मागची भिंत मात्र आम्ही पहिल्या वर्षी सफेदीशिवायच ठेवली, आणि तुम्हीही एक तरी भिंत तशी ठेवावी. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येईल त्या दिवशी इंदुरात बसून राहू नये. टॉर्च आणि तोच खडू घेऊन घरी जावे, पाऊस चालू असताना माळ्यावर चढून कौलांखाली पाहावे, नंतर जोत्याभोवती फिरून पाणी कोणत्या दिशेला वाहते ते पाहावे आणि जेथे ओल दिसेल तेथे रेघ ओढून तारीख लिहावी. आमच्याकडे त्या दिवशी दोन ठिकाणी रेघ ओढावी लागली, दोन्ही पन्हळीच्या सांध्याखाली.